चष्म्याच्या नंबरावर नजर कुणाची?

डोळ्यांवर चौकट बसवून, एकामागून एक भिंगे बदलत, ‘आता अक्षर स्पष्ट दिसते का?’ असे विचारणाऱ्या माणसावर आपण किती निःशंकपणे विश्वास टाकतो! हा माणूस या विद्येत शिकलेला आहे काय, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील धोक्याची खूण त्याला ओळखता येते काय, असा प्रश्न आपण त्याला विचारत नाही. तो कुणीतरी आपल्या वतीने आधीच विचारला असणार, असे आपण गृहीत धरतो. ज्या देशांत या व्यवसायाला कायद्याची चौकट आहे, तेथे हा प्रश्न विचारण्याचे काम नियामक मंडळ करते. या मंडळावर बसणारे सदस्य कोण असतात आणि ते कुणाच्या बाजूने बसतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. अमेरिका व ब्रिटन या दोन देशांना याचे उत्तर शोधण्यासाठी अनेक दशके खर्ची घालावी लागली. २०२१ च्या कायद्यानंतर भारतातही तोच प्रश्न उभा राहिला असल्याने हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

तीन व्यवसाय, एक अवयव

डोळ्यांची काळजी घेणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांचा. हे वैद्यकीय पदवीधर असून शस्त्रक्रिया करतात आणि त्यांचे नियमन वैद्यक परिषदांकडे असते. दुसरा वर्ग ऑप्टोमेट्रिस्ट मंडळींचा. दृष्टी तपासणे, चष्म्याचा अथवा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर काढणे, डोळ्यांतील विकाराची चाहूल घेणे आणि गरज असेल तेव्हा रुग्णाला डॉक्टरकडे पाठविणे हे त्यांचे काम. तिसरा वर्ग ऑप्टिशियनांचा. नंबराच्या चिठ्ठीप्रमाणे भिंगे व चौकट बसवून चष्मा तयार करून देणे हे त्यांचे काम होय. या तिघांच्या कामाच्या सीमा एकमेकींना खेटून आहेत आणि प्रत्येक सीमेवर कुणाचा ना कुणाचा व्यवसाय अवलंबून आहे. येथील नियमनाचे बहुतेक सारे तंटे या सीमांवरूनच झालेले दिसतात.

अमेरिकेत ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९०१ मध्ये केला. त्याआधी डॉक्टर नसलेल्या माणसाने डोळे तपासण्याचे शुल्क घ्यावे की नाही, यावरून न्यूयॉर्कमध्ये मोठा वाद झाला होता. चार्ल्स प्रेंटिस या चष्मेतज्ज्ञाने तपासणीसाठी तीन डॉलर आकारले म्हणून डॉक्टरांनी आक्षेप घेतला होता. आपल्या विद्येला कायद्याचे अधिष्ठान हवे, ही जाणीव या वादातून बळावली. १९२४ पर्यंत सर्व राज्यांत व राजधानीच्या प्रदेशात असे कायदे झाले आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षा घेऊन परवाना देणारे मंडळ अस्तित्वात आले. या मंडळांनी १९१९ मध्ये आपली एक संघटनाही उभारली होती. व्यवसायाच्या मागणीवरून जन्मलेली ही मंडळे स्वाभाविकपणे व्यवसायातील मंडळींच्याच हाती राहिली. पुढील गुंतागुंतीचे मूळ येथेच आहे.

सदस्य नेमके काय करतो?

मंडळाचे सदस्यत्व ही पूर्णवेळ नोकरी नव्हे. आपला दवाखाना सांभाळणारे काही ऑप्टोमेट्रिस्ट आणि या व्यवसायाशी संबंध नसलेले काही नागरिक यांची नेमणूक सामान्यतः राज्याचा गव्हर्नर ठराविक मुदतीसाठी करतो. कॅलिफोर्नियाच्या मंडळात ११ सदस्य असून त्यांपैकी ५ सर्वसामान्य जनतेतून घेतले जातात.

सदस्यांपुढे येणारी कामे मुख्यत्वे चार प्रकारची असतात. परवान्यासाठी कोणते शिक्षण व कोणती परीक्षा आवश्यक, हे ठरविणे हे पहिले. परवानाधारकाचे ज्ञान शिळे होऊ नये म्हणून सततच्या शिक्षणाचे नियम करणे हे दुसरे. विधिमंडळाने केलेल्या कायद्याला तपशिलाचे नियम जोडणे हे तिसरे. आणि चौथे, सर्वांत अवघड काम म्हणजे तक्रारींवर निर्णय देणे.

तक्रारीचा प्रवास कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल. रुग्णाची तक्रार प्रथम मंडळाच्या कर्मचाऱ्यांकडे जाते. चौकशी होते, तज्ज्ञाचे मत घेतले जाते आणि तथ्य आढळल्यास रीतसर आरोपपत्र दाखल होते. सुनावणी स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालते. तो आपला निर्णय प्रस्तावाच्या रूपाने मंडळाकडे पाठवितो आणि तो स्वीकारायचा की फेटाळायचा, हे सदस्य मतदानाने ठरवितात. अंतिम निवाडा सदस्यांच्या हाती असल्याने प्रकरण प्रलंबित असताना संबंधित व्यावसायिकाशी त्याविषयी खासगीत बोलण्याची त्यांना मुभा नसते. परिषदेत चहाच्या वेळी भेटलेला जुना वर्गमित्र ‘माझ्या प्रकरणाचे जरा पाहा’ म्हणाला, तर तेथेच त्याला थांबविणे हे सदस्याचे कर्तव्य ठरते. ज्याच्या परवान्याविषयी मत द्यायचे तो आपला स्पर्धक किंवा भागीदार असेल, तर सदस्याने स्वतःहून बाजूला व्हावे, अशी अपेक्षा असते.

अॅलाबामा : स्पर्धकच न्यायाधीश

ही अपेक्षा केवळ सौजन्याची बाब राहिली नाही, याचे श्रेय अॅलाबामातील एका खटल्याला द्यावे लागेल. ‘ली ऑप्टिकल’ ही चष्म्यांची साखळी पगारी ऑप्टोमेट्रिस्ट नेमून दुकाने चालवीत असे. १९६५ मध्ये राज्यातील ऑप्टोमेट्रिस्टांच्या संघटनेने या पगारी मंडळींविरुद्ध मंडळाकडे तक्रार केली. परवानाधारकाने कंपनीची नोकरी करणे हे व्यवसायाला न शोभणारे वर्तन होय, असा तिचा आरोप होता. या संघटनेत स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनाच प्रवेश होता आणि मंडळावर बसायचे तर या संघटनेचे सदस्य असणे आवश्यक होते. म्हणजे तक्रारदार आणि न्याय देणारे एकाच घरचे. त्यातच राज्यात व्यवसाय करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांपैकी जवळजवळ निम्मे जण कंपन्यांच्या नोकरीत होते. ते बाद झाले असते, तर त्यांचे रुग्ण उरलेल्यांच्या, म्हणजे मंडळाच्या सदस्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या दारी आले असते.

‘गिब्सन विरुद्ध बेरीहिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा खटला १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. दुसऱ्या एका कायदेशीर मुद्द्यावर फेरविचारासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले. मात्र ज्यांचा आर्थिक स्वार्थ निकालात गुंतलेला आहे, अशा सदस्यांनी हे आरोप ऐकणे योग्य नाही, हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. एखाद्या सदस्याने लाच घेतली, असे कुणीही म्हटले नव्हते. सदस्य व्यक्तिशः प्रामाणिक असतीलही. परंतु मंडळाची रचनाच अशी होती की प्रामाणिक माणसाचाही तोल जावा. मंडळावर बसणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा, इतके त्याचे महत्त्व आहे.

टेक्सास : रचनेला मर्यादेत मान्यता

सहा वर्षांनी टेक्सासचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. तेथील कायद्याने मंडळाच्या सहांपैकी चार जागा एका विशिष्ट व्यावसायिक संघटनेच्या सदस्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. शिवाय ऑप्टोमेट्रिस्टने व्यापारी नावाखाली व्यवसाय करू नये, अशी बंदीही घातली होती. साखळी दुकानांच्या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या रॉजर्स या ऑप्टोमेट्रिस्टने दोन्ही तरतुदींना आव्हान दिले. ‘फ्रिडमन विरुद्ध रॉजर्स’ या १९७९ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही तरतुदी वैध ठरविल्या. आपल्या व्यवसायपद्धतीविषयी सहानुभूती बाळगणारे मंडळ मिळावे, असा घटनात्मक हक्क कुणालाही नाही. मात्र शिस्तभंगाची कारवाई झाल्यास निःपक्षपाती सुनावणीचा हक्क प्रत्येकाला आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे सदस्याच्या भूमिकेचे दोन पदर वेगळे होतात. नियम करताना व्यवसायाचा अनुभव उपयोगी पडतो आणि तो असावाही. कारण भिंग कसे घासतात किंवा काचबिंदूची शंका केव्हा घ्यावी, हे त्या विद्येतील माणसालाच ठाऊक असते. एखाद्या व्यक्तीचा परवाना पणाला लागतो तेव्हा मात्र सदस्य न्यायासनावर बसलेला असतो आणि तेथे व्यवसायातील हेवेदावे घेऊन येण्याची त्याला मोकळीक नसते.

जाहिरातबंदी आणि ग्राहकाचा खिसा

नियम करतानाही कल कोणाकडे झुकतो, याची किंमत सामान्य ग्राहकाला मोजावी लागते. अनेक राज्यांत चष्म्यांच्या जाहिरातींवर बंदी होती. जाहिरातीमुळे व्यवसायाची प्रतिष्ठा ढासळते व दर्जा घसरतो, असे समर्थन त्यासाठी केले जाई. अर्थशास्त्रज्ञ ली बेनहॅम यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६३ मधील किमतींची तुलना केली. तेव्हा जाहिरातीवर निर्बंध असलेल्या राज्यांत चष्म्यांचे दर २५ टक्क्यांपासून १०० टक्क्यांहूनही अधिक चढे असल्याचे त्यांना आढळले.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नियम केला की, तपासणी संपताच नंबराची चिठ्ठी मागणी न करताही ग्राहकाच्या हाती दिली पाहिजे. चिठ्ठी हाती आली की ग्राहक चष्मा कुठूनही करून घेऊ शकतो. कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाबतीत असाच हक्क २००३ च्या कायद्याने मिळाला. १९८८ मध्ये याच आयोगाने मॅसॅच्युसेट्सच्या ऑप्टोमेट्री मंडळाविरुद्ध निर्णय दिला. सवलतींच्या सत्य जाहिरातींना आडकाठी करून मंडळाने स्पर्धेचा गळा आवळला, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या वादाला पूर्णविराम मिळाला नसला, तरी २०१५ मधील एका निकालाने त्याला नवे वळण दिले. हे प्रकरण नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाचे होते. दात पांढरे करून देणाऱ्या, दंतवैद्य नसलेल्या व्यावसायिकांना या मंडळाने काम थांबविण्याची पत्रे धाडली होती. मंडळाच्या आठ सदस्यांपैकी सहा जण दंतवैद्य होते. ज्या मंडळात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यांचे वर्चस्व आहे, त्यावर राज्याची सक्रिय देखरेख नसेल, तर त्याला स्पर्धाविषयक कायद्यापासून संरक्षण मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरविले. खटला दातांचा असला, तरी तशीच रचना असलेल्या ऑप्टोमेट्री मंडळांनाही तो तितकाच लागू पडतो.

ब्रिटन : कायदे करणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे १९५८ च्या कायद्याने ‘जनरल ऑप्टिकल कौन्सिल’ स्थापन झाली. आज ती १९८९ च्या कायद्यानुसार चालते. ऑप्टोमेट्रिस्ट, चष्मे बनवून देणारे ऑप्टिशियन, या विषयांचे विद्यार्थी आणि काही व्यवसायसंस्था यांची नोंदणी तिच्याकडे असते. पूर्वी येथेही व्यावसायिकांचेच प्राबल्य होते. परंतु डॉक्टर हॅरॉल्ड शिपमनच्या हत्याकांडानंतर झालेल्या चौकशीने आरोग्यक्षेत्रातील स्वयंनियमनावरचा विश्वास हादरला. २००७ च्या श्वेतपत्रिकेने नियामक परिषदांत सर्वसामान्य सदस्यांची संख्या व्यावसायिकांइतकी तरी असावी, असे सुचविले. आज या परिषदेवर सहा व्यावसायिक व सहा सर्वसामान्य असे बारा सदस्य आहेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे परिषदेचे सदस्य शिस्तभंगाच्या सुनावणीत बसत नाहीत. तक्रार प्रथम प्रकरण-परीक्षक तपासतात आणि गंभीर प्रकरण स्वतंत्र समितीपुढे जाते. या समितीतही व्यावसायिक व सर्वसामान्य अशा दोन्ही प्रकारचे लोक असतात. परवान्यावर अटी घालणे, बारा महिन्यांपर्यंत निलंबन, ५० हजार पौंडांपर्यंत दंड आणि नोंदवहीतून नाव काढणे, हे तिचे अधिकार. निर्णय जनतेच्या रक्षणास अपुरा आहे असे वाटल्यास वरची देखरेख संस्था तो उच्च न्यायालयात नेऊ शकते.

चष्माविक्रीवरील व्यावसायिकांची मक्तेदारी ब्रिटनने १९८४ च्या कायद्याने मोडली. मात्र १६ वर्षांखालील मुले आणि अंध किंवा अल्पदृष्टी म्हणून नोंदलेल्या व्यक्ती यांच्यासाठी चष्मा देण्याचे काम नोंदणीकृत व्यावसायिकाच्या देखरेखीखालीच राहिले. ही रेषा ओढताना दुकानदाराचे नुकसान हा निकष नव्हता. जेथे चुकीचा चष्मा खरी हानी करू शकतो, तेथेच बंधन ठेवले गेले. नियमनाची योग्य रेषा कशी असावी, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

चूक की गुन्हा?

नियामकाचे काम किती जड असते, हे ब्रिटनमधीलच एका दुःखद प्रकरणावरून कळते. नेहमीच्या तपासणीत डोळ्यातील चेतातंतूच्या टोकाला आलेली सूज ऑप्टोमेट्रिस्टच्या नजरेतून सुटली. ही सूज मेंदूभोवतालचा दाब वाढल्याची खूण असते. काही महिन्यांनी त्या बालकाचा मृत्यू झाला. तपासणाऱ्या व्यक्तीला २०१६ मध्ये सदोष निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरविण्यात आले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तपासणी नीट केली असती तर काय कळले असते, यावरून फौजदारी जबाबदारी ठरविता येत नाही. त्या क्षणी प्रत्यक्ष जे ज्ञात होते, त्यावरून मृत्यूचा धोका उघड दिसत होता काय, हे पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

फौजदारी न्यायालयाचे काम येथे संपते, पण नियामकाचे संपत नाही. या व्यक्तीच्या हाती उद्याचा रुग्ण सोपविता येईल काय, हा प्रश्न उरतोच. तो शिक्षेचा प्रश्न नाही. चुकीची कबुली, त्यानंतर घेतलेले शिक्षण, पुन्हा तशी चूक होण्याचा संभव आणि व्यवसायावरील जनतेचा विश्वास, या सर्वांचे माप घेऊन तो सोडवावा लागतो. कठोरपणा दाखविला की जनतेचे रक्षण झाले, असे समजणे सोपे आहे. परंतु भीतीपोटी व्यावसायिकांनी चुका लपवायला सुरुवात केली, तर त्यातून रुग्णाचेच नुकसान होते. उलट सहव्यावसायिकाविषयीच्या कणवेपोटी सौम्यपणा दाखविला, तर पुढचा रुग्ण उघड्यावर पडतो. या दोहोंमधून वाट काढणे हेच सदस्याचे खरे काम आहे.

भारताच्या उंबरठ्यावर

आपल्याकडे ऑप्टोमेट्रीचे पदविका शिक्षण १९५८ मध्ये अलीगढ व हैदराबाद येथे सुरू झाले, तर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चेन्नईत १९८५ मध्ये आला. तरीही २०२१ पर्यंत या व्यवसायासाठी देशपातळीवर कायद्याने स्थापन झालेला नियामक नव्हता. मार्च २०२१ मध्ये संमत झालेल्या ‘संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग’ कायद्याने ही उणीव भरून काढण्याची तरतूद केली. त्याच्या परिशिष्टातील दहा वर्गांपैकी एक वर्ग नेत्रविज्ञानाचा आहे. त्यात ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्रसहायक आणि दृष्टितंत्रज्ञ यांचा समावेश होतो. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविण्यात आले. राज्य परिषदांत नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळ असावे, अशीही तरतूद आहे. अंमलबजावणी रेंगाळल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली.

एकाच वर्गात पदवीधर ऑप्टोमेट्रिस्ट आणि पदविकाधारक सहायक एकत्र आल्यामुळे कोणी काय करावे, हा सीमेचा प्रश्न येथेही उभा राहणार, हे उघड आहे. ग्रामीण भागातील दृष्टिकेंद्रावर एकटाच बसणारा दृष्टितंत्रज्ञ आणि शहरातील चकचकीत दालनात पगारावर काम करणारा ऑप्टोमेट्रिस्ट यांची बाजू मंडळावर कोण मांडणार? स्वतंत्र दवाखाना चालविणारा सदस्य साखळी दुकानातील नोकरदाराविषयी निर्णय देणार असेल, तर अॅलाबामाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी कोणती काळजी घेतली जाणार? आणि चष्मा वापरणाऱ्या सामान्य माणसाला त्या टेबलाभोवती खुर्ची मिळणार काय? नियम घडत असतानाच हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. रचना एकदा पक्की झाली की ती बदलण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, असा अमेरिकेचा अनुभव सांगतो.

मंडळावर निवड होणे हा व्यवसायात सन्मान मानला जातो आणि तो आहेही. मात्र त्या खुर्चीवर बसणारा सदस्य आपल्या व्यवसायाचा प्रतिनिधी म्हणून तेथे जात नाही. आपल्या व्यवसायाचे ज्ञान तो बरोबर नेतो आणि व्यवसायाचा स्वार्थ बाहेर ठेवतो, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. डोळ्यांवर चौकट बसवून भिंगाकडे पाहणाऱ्या रुग्णाला त्याचे नावही ठाऊक नसते. तरीही त्या रुग्णाने समोरच्या माणसावर टाकलेला विश्वास खरा ठरविण्याची जबाबदारी त्याची असते.